'सुटलों' म्हणजे नेमकं काय: निकालपत्राचं शेवटचं पान कसं वाचायचं

शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. त्या दिवशी आमच्या कार्यालयात गर्दी असते. पेडण्याहून, कोलवाळहून, अस्नोड्याहून बाजाराला आलेली माणसं पिशव्या दाराशी ठेवतात आणि वकिलांच्या आधी मला गाठतात. मी वकील नाही. एका फौजदारी वकिलांकडे गेली 24 वर्षं कारकून आहे. अर्ज टाइप करणं, तारखा डायरीत घालणं, नकला आणणं ही माझी कामं. त्यातच एक काम कुणी न नेमता माझ्याकडे आलं: इंग्रजीतलं निकालपत्र माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगणं.

"बाय, सुटलों गे!" म्हणत कुणी आत आलं की मला खरोखर आनंद होतो. पण मी लगेच विचारते, कसा सुटलास? कागद दाखव.

आपल्याकडे 'सुटलो' हे एकच क्रियापद सगळ्यांना पुरतं. जामिनावर बाहेर आलेला सुटतो, दंड भरून घरी गेलेला सुटतो, समज देऊन सोडलेला सुटतो, कोलवाळच्या तुरुंगात शिक्षा भोगून आलेलाही सुटतोच. खटला पूर्ण चालून निर्दोष ठरलेलाही 'सुटलो' एवढंच म्हणतो. घरच्यांना त्यात फरक वाटत नाही. माणूस रात्री जेवायला घरी आहे, त्यांना तेवढं पुष्कळ. फरक कळतो तो पुढे, नोकरीचा फॉर्म भरताना, पासपोर्टाच्या वेळी, बोटीवर जायची कागदपत्रं करताना, किंवा दोन वर्षांनी उच्च न्यायालयाची नोटीस दारात आली तर. माझ्या सख्ख्या भावाला तो असाच उशिरा कळला, आणि त्यात माझीही चूक होती. ते पुढे सांगते.

आधी शब्द

कायद्याच्या मराठी अनुवादात या निकालाला 'दोषमुक्ती' म्हणतात. वर्तमानपत्रं 'निर्दोष मुक्तता' किंवा 'निर्दोष सुटका' लिहितात. इंग्रजी निकालपत्रात 'ॲक्विटल' किंवा 'ॲक्विटेड' असतं. तिन्ही एकच. सरकार पक्षाने आरोप ठेवला, तो वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला नाही, म्हणून न्यायालयाने माणसाला त्या आरोपातून मोकळं केलं.

'दोषी नाही' हे शब्द मात्र खटल्यात दोनदा येतात, आणि तिथे गोंधळ होतो. आरोप ठेवताना न्यायाधीश आरोपीला विचारतात, गुन्हा कबूल आहे का? तो नाही म्हणतो. कागदावर 'प्लीडेड नॉट गिल्टी' अशी नोंद होते. हे त्याचं उत्तर झालं, निकाल नव्हे. धारगळच्या बाजूची एक आई एकदा मुलाच्या आरोपाच्या कागदाची प्रत आणि सोबत पेढ्यांचा पुडा घेऊन आली होती. मुलाच्या कॉलेजातल्या मित्राने तिला ती ओळ वाचून दाखवली होती. खटला अजून सुरूही झाला नव्हता. तो पुडा टेबलावर तसाच ठेवून मला तिला सगळं समजवावं लागलं. त्या दिवसापासून मी कागद हातात घेतला की आधी तारीख आणि मथळा बघते: हा आरोपाचा कागद आहे, रोजचा आदेश आहे की निकालपत्र?

दुसऱ्यांदा हे शब्द येतात ते शेवटी. कलमाची रचनाच तशी आहे: दंडाधिकाऱ्यांना आरोपी दोषी नाही असं आढळलं तर त्यांनी दोषमुक्तीचा आदेश नोंदवायचा. म्हणजे 'दोषी नाही' हा निष्कर्ष आणि 'दोषमुक्ती' हा त्यावरून निघणारा आदेश. तुम्हाला आयुष्यभर जपून ठेवायचा आहे तो आदेश.

शेवटून वाचायला घ्या

निकालपत्र मी नेहमी शेवटून वाचते. 2021 च्या मे महिन्यात इथे म्हापशाच्या सत्र न्यायालयात एका नामांकित संपादकाच्या खटल्याचा निकाल लागला, तो 527 पानांचा होता. आमच्याकडचे निकाल बहुधा 15 ते 40 पानांचे असतात, पण घाबरलेल्या माणसाला 15 पानंही डोंगराएवढी वाटतात. म्हणून शेवटचं पान उघडा. तिथे 'ऑर्डर' असा मथळा असतो आणि खाली आकडे घातलेली थोडी वाक्यं. मी पेन्सिलने त्यात तीन जागी खुणा करते.

पहिली खूण नावावर आणि क्रमांकावर. एकाच खटल्यात चार आरोपी असतात, त्यातले तीन सुटतात. आरोपी क्रमांक 2 म्हणजे तुम्हीच ना, हे पहिल्या पानाशी ताडून बघा.

दुसरी खूण क्रियापदावर. 'ॲक्विटेड' आहे की 'डिस्चार्ज्ड' की 'रिलीज्ड'? हा एक शब्द पुढचं सगळं ठरवतो.

तिसरी खूण कलमांवर, आणि ती दोन प्रकारची असतात. एक, ज्या गुन्ह्यातून सुटका झाली त्याचं कलम. दोषमुक्तीच्या निकालात कुठल्या गुन्ह्यातून मुक्त केलं ते लिहायलाच हवं, असा कायदा आहे. धमकीच्या आरोपातून सुटला पण मारहाणीत दोषी ठरला, असं वरचेवर होतं. अशा माणसाने 'निर्दोष सुटलो' म्हणणं खरं नाही. दुसरं, ज्या अधिकाराने सुटका झाली त्या प्रक्रियेचं कलम. इथे सध्या दुहेरी आकडे दिसतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, पण त्याआधीपासून चालू असलेले खटले जुन्या 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार पुढे चालतात. त्यामुळे आज लागलेल्या निकालातही जुना आकडा दिसला तर दचकू नका.

पोलिसांच्या आरोपपत्रावरून दंडाधिकाऱ्यांसमोर चाललेल्या थोड्या गंभीर खटल्यांत दोषमुक्तीचं जुनं कलम 248(1), नवं 271(1). किरकोळ, समन्सवर चालणाऱ्या खटल्यांत जुनं 255(1), नवं 278(1). सत्र न्यायालयात जुनं 235, नवं 258. सत्र न्यायालयात आणखी एक आहे, जुनं 232, नवं 255: सरकार पक्षाचे साक्षीदार झाल्यावर आरोपीविरुद्ध काही पुरावाच नाही असं न्यायाधीशांना दिसलं तर बचावाची वाट न पाहता तिथेच दोषमुक्ती. हे कलम ज्याच्या निकालात असेल त्याने ती ओळ अधोरेखित करून ठेवावी. यापेक्षा स्वच्छ सुटका मी क्वचित पाहिली आहे. 'कलम 255' दिसलं की जुन्या संहितेचं की नव्या हेही बघा, दोन्हीत त्याचा अर्थ वेगळा.

जे दोषमुक्तीसारखं दिसतं पण नाही

जामीन सोपा आहे. जामीन म्हणजे खटला चालू असेपर्यंत बाहेर राहण्याची परवानगी. गावात मात्र जामिनाच्या दिवशीच 'सुटला' अशी बातमी पोचते, आणि मग पाच वर्षांनी खरा निकाल लागतो तेव्हा कुणाला त्याचं काही वाटत नाही.

'डिस्चार्ज' जरा नीट समजून घ्या. मराठी कायद्यात याला 'विनादोषारोप सोडणे' म्हणतात, वर्तमानपत्रात 'आरोपमुक्त'. आरोपपत्र वाचून न्यायालयाला वाटलं की खटला चालवण्याइतकंही यात काही नाही, तर आरोप ठेवण्याआधीच माणसाला सोडतात. ऐकायला हे दोषमुक्तीपेक्षा वरचढ वाटतं, आणि समाजात तोंड दाखवायला ते खरंच बरं आहे: खटलासुद्धा उभा राहिला नाही! पण कायद्याचं संरक्षण इथे कमी. दोषमुक्त झालेल्या माणसावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालवता येत नाही. जुनं कलम 300, नवं 337. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे की आरोपमुक्ती म्हणजे दोषमुक्ती नव्हे. उद्या पोलिसांना नवा पुरावा मिळाला तर दार पुन्हा उघडू शकतं. पुष्कळ लोक इथे संविधानाच्या अनुच्छेद 20(2) चं नाव घेतात, पण त्याची भाषा 'खटला चालून शिक्षा झालेल्या' माणसाबद्दल आहे. सुटलेल्याला आधार आहे तो या 337 चा.

दंड भरून येणाऱ्यांचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मटक्याच्या केसमध्ये माणूस न्यायालयात उभा राहतो, रोजची मजुरी बुडते म्हणून गुन्हा कबूल करतो, थोडका दंड भरतो आणि 'सुटलो' म्हणत बसस्टँडवर जातो. त्याच्या नावावर दोषसिद्धी लागलेली असते. गुन्हा कबूल करण्याआधी एकदा वकिलाला विचारा, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळतो तो याचसाठी. परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्यांचंही तसंच. आधी दोषी ठरवलं, मग शिक्षेऐवजी सोडलं. त्या कायद्याचं कलम 12 म्हणतं की अशा दोषसिद्धीमुळे अपात्रता चिकटणार नाही, आणि ते मोलाचं आहे. तरी त्याला निर्दोष सुटका म्हणता येत नाही.

माफीही वेगळी. मुंबईच्या नौदल अधिकारी नानावटींच्या 1959 च्या खटल्यात ज्यूरीने 8 विरुद्ध 1 मतांनी 'दोषी नाही' असा कौल दिला होता. सत्र न्यायाधीशांना तो पटला नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, जन्मठेप झाली, सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये ती कायम केली आणि 1964 मध्ये राज्यपालांनी माफी दिली. माफीने ते तुरुंगाबाहेर आले, पण त्यांच्यावरचा दोष न्यायालयाने पुसला नव्हता. आता आपल्याकडे ज्यूरी नाही, त्यामुळे निकाल देणारा एकच असतो: न्यायाधीश.

उलट काही सुटका दिसायला साध्या, पण कायद्याने पक्क्या दोषमुक्त्या असतात. चेक न वटल्याच्या केसमध्ये फिर्यादी तारखेला आलाच नाही आणि दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला सोडलं (जुनं कलम 256, नवं 279), तर एक शब्द पुरावा न होताही ती दोषमुक्तीच. तडजोड होण्याजोग्या गुन्ह्यात तडजोड झाली तर तिचाही परिणाम दोषमुक्तीचाच. सरकारने खटला मागे घेतला तर मात्र केव्हा ते बघा: आरोप ठेवण्याआधी घेतला असेल तर आरोपमुक्ती, नंतर घेतला असेल तर दोषमुक्ती. आणि पर्वरीच्या उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्दबातल केला असेल तर त्याला दोषमुक्ती म्हणू नका, 'रद्द' म्हणा. तो आदेश आपल्या पायावर पुरेसा भक्कम आहे.

संशयाचा फायदा

आता ज्या शब्दांनी माणसं सगळ्यात जास्त दुखावतात तिथे येते. निकालाच्या शेवटी पुष्कळदा लिहिलेलं असतं: आरोपीला संशयाचा फायदा देऊन मुक्त करण्यात येत आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात 'पुराव्याअभावी सुटका'. वाड्यावर लोक म्हणतात, केलं होतंच, साक्षीदार फुटले म्हणून वाचला.

मी लोकांना असं समजावते. फौजदारी खटल्यात न्यायालयासमोर एकच प्रश्न असतो: सरकार पक्षाने गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध केला का? आरोपीने निरपराध असल्याचं सिद्ध करायचं नसतं. निरपराध तो आधीपासून धरलेलाच असतो. शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1973 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'असू शकेल' आणि 'असलंच पाहिजे' यांच्यामधलं अंतर लांबचं आहे. शिक्षा द्यायला दुसरं टोक गाठावं लागतं. म्हणजे प्रत्येक दोषमुक्ती एका अर्थी पुराव्याअभावीच असते. पुरावा पुरला असता तर शिक्षा झाली असती. 'पुराव्याअभावी' हा शब्द मथळ्यात घालून वाचकाला नवीन काही कळत नाही, फक्त सुटलेल्या माणसाच्या कपाळावर एक डाग राहतो. आमच्या गोव्यातले मराठी पेपर अटकेच्या बातमीत 'संशयित' लिहितात, तो शब्द मला आवडतो. तीच काळजी सुटकेच्या बातमीत घ्यावी असं मला मनापासून वाटतं. 'अमुक आरोपातून दोषमुक्त' एवढं लिहावं, आणि कारण द्यायचंच असेल तर निकालातलं नेमकं कारण द्यावं: साक्षीदाराने आरोपीला ओळखलं नाही, हत्याराचा आणि जखमेचा मेळ बसला नाही, पंचनामा शाबीत झाला नाही.

मात्र एका ठिकाणी हा फरक खरोखर मोजला जातो, आणि तो लपवून उपयोग नाही. फौजदारी कायद्यात 'सन्मानपूर्वक सुटका' असा प्रकारच नाही. असे शब्द न्यायनिवाड्यांतून आले आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये समुथिरम यांच्या प्रकरणात म्हटलं. तरीही सरकारी नोकरीच्या प्रश्नात, विशेषतः पोलिसांच्या भरतीत, न्यायालयं बघतात की आरोपी पुरावा नीट तपासून सुटला की साक्षीदार फितूर झाल्यामुळे किंवा तांत्रिक कारणाने. खातेनिहाय चौकशीही फौजदारी निकालापासून वेगळी चालू शकते, कारण तिथे पुराव्याचं माप निराळं. म्हणून नोकरीवर असलेल्या अशिलाला आमचे वकील आधीच विचारतात, तुझ्यावर चौकशी आहे का? असेल तर युक्तिवादात ते नुसता 'संशयाचा फायदा द्या' म्हणत नाहीत. घटना घडलीच नाही, किंवा हा माणूस तिथे नव्हता, असा स्पष्ट निष्कर्ष मागतात. निकाल लागून गेल्यावर त्यातला शब्द बदलून आणणं फार कठीण.

दिवाणी हक्कही त्यात आपोआप मिटत नाही. बांध फोडल्याच्या गुन्ह्यातून दोषमुक्त झालात म्हणजे बांध तुमचा ठरला नाही. मुंडकारी हक्काचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या हक्काचं, प्रकरण मामलेदाराकडे असेल तर ते तिथेच, त्याच्या पुराव्यावर चालणार.

माझ्या भावाची गोष्ट

2008 साली पेडण्यात आमच्या घरामागे बांधावरच्या एका फणसावरून शेजाऱ्यांशी भांडण झालं. भाऊ तेव्हा नारळ सोलत होता, हातात कोयता होता. शेजाऱ्याच्या दंडाला जखम झाली. भाऊ म्हणतो झटापटीत झाली, शेजारी म्हणाला मारली. भारतीय दंड संहितेच्या 324, 504 आणि 506 कलमांखाली गुन्हा नोंद झाला, भावाला अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी जामीन. खटला पाच वर्षं चालला. पंच फितूर झाला, एका साक्षीदाराने मी मागाहून आलो असं सांगितलं, डॉक्टरांची साक्ष आणि कोयत्याची धार यांचा मेळ बसेना. 2013 मध्ये 248(1) खाली तो सुटला, संशयाचा फायदा देऊन. आईने देवळात नारळ फोडला.

2015 मध्ये त्याला एका सरकारी खात्यात चालकाची जागा लागली. नेमणुकीआधी भरायच्या फॉर्मात प्रश्न होते: तुम्हाला कधी अटक झाली होती का? तुमच्यावर कधी खटला चालला होता का? भावाने मला फोन केला. मी म्हटलं, निर्दोष सुटलायस, 'नाही' लिही. तेव्हा मला या कामाची 14 वर्षं झाली होती. कलमांचे आकडे मला पाठ होते आणि तरी मी असं सांगितलं. निर्दोष म्हणजे घडलं ते सगळं पुसलं गेलं, असं मी मनात धरून बसले होते. पोलिसांच्या पडताळणीत खटल्याची नोंद निघाली आणि माहिती दडवली म्हणून नेमणूक रद्द झाली. खटल्यामुळे नव्हे, 'नाही' या एका शब्दामुळे.

पुढल्याच वर्षी, जुलै 2016 मध्ये, अवतार सिंह विरुद्ध भारत सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल रीतसर नियम घालून दिले. अटक, खटला, दोषमुक्ती, शिक्षा, जे विचारलं असेल ते उमेदवाराने खरं सांगायलाच हवं. गुन्हा किरकोळ असेल तर दडवणूक माफ करण्याचा विचार नेमणूक करणाऱ्याने करावा. आणि खरं सांगितलं तरी पूर्ववृत्त पाहून निर्णय घ्यायचा अधिकार त्याच्याकडे राहतो. मी तो निकाल दोनदा वाचला. भावाला वाचून दाखवायचं धैर्य मला बरेच दिवस झालं नाही.

म्हणून फॉर्म भरताना प्रश्नाचं क्रियापद बघा. 'शिक्षा झाली होती का?' असं विचारलं असेल तर दोषमुक्त माणसाचं उत्तर 'नाही'. 'प्रकरण प्रलंबित आहे का?' याचंही 'नाही', अपील चालू नसेल तर. 'अटक झाली होती का?', 'खटला चालला होता का?' याचं उत्तर 'होय', आणि पुढे निकाल लिहायचा. तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्या, मुलांना आणि आखातात जाणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण व्हिसाच्या फॉर्मांत अटकेचा आणि शिक्षेचा प्रश्न कधी एकत्र असतो, कधी वेगळा.

निकालाच्या दिवशी आणि नंतर

निकालाआधी किंवा त्याच दिवशी न्यायालय तुमच्याकडून एक हमीपत्र घेतं. जुनं कलम 437अ, नवं 481. वरच्या न्यायालयाची नोटीस आली तर हजर राहीन, असा तो जामीनरोखा सहा महिन्यांसाठी असतो. सुटलो तरी पुन्हा जामीनदार कशाला, म्हणून लोक घाबरतात. तुमच्यावर नवा ठपका आलेला नाही, ही सगळ्यांनाच लागू असलेली रीत आहे. जामीनदाराला त्या दिवशी सोबत घेऊन या, नाहीतर निकाल लागूनही संध्याकाळपर्यंत बाकावर बसावं लागतं.

त्याच आठवड्यात साक्षांकित नकलेचा अर्ज करा. शिक्षा झालेल्याला प्रत विनामूल्य देण्याची तरतूद आहे, सुटलेल्याला अर्ज करून शुल्क भरून घ्यावी लागते. मी तीन प्रती काढायला सांगते. एक घरच्या ट्रंकेत, एक वकिलांकडे आणि एक पोलीस स्थानकात पोच घेऊन द्यायची, म्हणजे वर्तणुकीच्या दाखल्याच्या वेळी त्यांच्या नोंदीत निकाल सापडतो. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर 16 अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घालून तिथली नोंदही तपासा. निकाल चुकीचा चढला असेल तर लगेच वकिलांना दाखवा. जप्त केलेला मुद्देमाल, मोबाइल, स्कूटर, हे बहुधा अपिलाची मुदत संपल्यावर परत मिळतं. आदेशात त्याबद्दल वेगळी ओळ असते, तीही वाचा.

अपिलाची भीती किती बाळगायची? दोषमुक्तीविरुद्ध सरकार अपील करू शकतं. उच्च न्यायालयात त्यासाठी आधी परवानगी लागते आणि मुदत 90 दिवसांची असते, उशीर माफ होऊ शकतो. पीडित व्यक्तीलाही अपिलाचा स्वतंत्र हक्क आहे. पण सुटलेला माणूस तिथे रिकाम्या हाताने उभा नसतो. चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक या 2007 च्या निकालात म्हटलं आहे की निरपराध असल्याचं गृहीतक त्याच्या बाजूला आधीच होतं, दोषमुक्तीने ते दुप्पट बळकट होतं. पुराव्यावरून दोन मतं शक्य असतील तर खालच्या न्यायालयाचं मत सहसा बदलायचं नसतं. अपील न करता नुसत्या पुनरीक्षणात (रिव्हिजनमध्ये) तर दोषमुक्तीची दोषसिद्धी करताच येत नाही.

तरी अपिलात निकाल फिरतो, हे गोव्याने पाहिलं आहे. 2008 मध्ये हणजुणे किनाऱ्यावर मृतावस्थेत सापडलेल्या ब्रिटिश मुलीच्या खटल्यात गोवा बाल न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये दोन्ही आरोपींना दोषमुक्त केलं. सीबीआय अपिलात गेली आणि जुलै 2019 मध्ये उच्च न्यायालयाने एकाला दोषी ठरवून 10 वर्षांची शिक्षा दिली, दुसऱ्याची दोषमुक्ती कायम केली. तेव्हा नोटीस आली तर ती घ्या, पत्ता बदलला तर वकिलांना कळवा. सुटलो म्हणून वकिलाचा फोन न उचलणारी माणसं मी पाहिली आहेत.

माझा भाऊ आता एका मालवाहू कंपनीच्या गाडीवर चालक आहे. तिथला फॉर्म त्याने माझ्यासमोर बसून भरला. खटल्याच्या रकान्यात त्याने लिहिलेलं वाक्य मी संगणकात जपून ठेवलं आहे आणि आकडे बदलून सगळ्यांना देते. तुम्हीही घ्या:

"होय. पेडणे पोलीस स्थानकात 2008 साली नोंद झालेल्या गुन्ह्यात मला अटक झाली होती व माझ्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर खटला चालला. 2013 च्या निकालाने मला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 248(1) खाली सर्व आरोपांतून दोषमुक्त करण्यात आले. निकालाविरुद्ध अपील झालेले नाही. साक्षांकित प्रत सोबत जोडली आहे."